कचरा, भंगार आणि कच्चा माल : काचेच्या पुनर्वापर-व्यवसायातील दायित्व-विम्याची घडण

१

पुनःपुन्हा वितळवून घडविता येतो आणि तसे करताना ज्याचा मूळ गुण उणावत नाही, अशा मोजक्या पदार्थांत काचेची गणना होते. वाळू, सोडा व चुनखडी यांच्या मिश्रणात फुटकी काच घातली म्हणजे भट्टीस इंधन कमी लागते. फुटक्या काचेचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढविले, तर इंधनात सुमारे अडीच ते तीन टक्क्यांची बचत होते, असा कारखानदारांचा हिशेब आहे. फुटकी काच गोळा करणे, रंगानुसार निवडणे, धुणे व दळणे हा व्यवसाय म्हणूनच काचेच्या कारखानदारीइतकाच जुना आहे.

परंतु ज्या वस्तूचा गुण उणावत नाही, तिचा धोकाही उणावत नाही. फुटकी काच प्रथम निवडणाऱ्याचा हात कापते. तिच्यात चिनी मातीचा अथवा उष्णतारोधक काचेचा एखादा तुकडा राहिला, तर तो भट्टीत नीट वितळत नाही. नव्या बाटलीच्या अंगात खड्यासारखा बसतो आणि बाटली त्या ठिकाणी दुबळी होते. मग ती विकत घेणाऱ्याला इजा होऊ शकते. शिसे असलेली काच ढिगाने पडून राहिली, तर शेजारची जमीनही दूषित होण्याचा संभव असतो. कामगार, ग्राहक आणि शेजारी असे हे तीन निरनिराळे हानिग्रस्त होत. या तिघांना भरपाई कोणी द्यावी आणि ती देण्याची ऐपत देणाऱ्यापाशी कोठून यावी, या दोन प्रश्नांना गेल्या सुमारे दोन शतकांत जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा समुच्चय म्हणजेच दायित्व-विम्याचा इतिहास होय. त्या इतिहासाचे काचेच्या अंगाने दर्शन घडविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विमापत्र हा शब्दांनी बांधलेला दस्तऐवज असल्यामुळे त्यातील शब्दांचे अर्थ कसकसे पालटत गेले, याकडे येथे विशेष लक्ष दिले आहे.

२

आरंभी खुद्द संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. इंग्रजीतील ‘लायबिलिटी’ हा शब्द फ्रेंचमार्गे ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूकडे जातो. त्यात बांधले जाण्याची कल्पना आहे. मराठीतील ‘जबाबदारी’ हा फारसी घडणीचा शब्द आणि ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत घडणीचा शब्द, दोन्ही ‘उत्तर देणे’ या कल्पनेवर उभे आहेत. ज्याला जाब विचारता येतो तो जबाबदार. या व्युत्पत्तीत एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. जाब विचारण्याजोगा कोणी सापडलाच नाही, तर जबाबदारी उत्पन्न होत नाही आणि मग तिचा विमाही उतरता येत नाही. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा वळावे लागणार आहे.

‘विमा’ हाही शब्द फारसीतून आलेला. पण जोखीम दुसऱ्यावर सोपविण्याची रीत पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांना पूर्वीपासून अवगत होती. ‘जोखमी हुंडी’ हे तिचे उत्तम उदाहरण होय. माल गलबतात भरल्यावर त्याच्या आधारावर हुंडी लिहिली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे देणे लागे आणि गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. कर्ज व विमा यांचा येथे एकाच कागदात संयोग झालेला दिसतो. मात्र ही जोखीम स्वतःच्या मालाची होती. स्वतःच्या हातून दुसऱ्याची हानी झाली असता द्यावी लागणारी भरपाई हीच एक जोखीम मानून तिचा विमा उतरावा, ही कल्पना फार उशिरा आली. तिच्याविरुद्ध एक नैतिक आक्षेपही होता. निष्काळजीपणाचे मोल जर विमा कंपनी भरणार असेल, तर काळजी घ्यावीच कशाला, असा तो आक्षेप. पुढील सर्व इतिहासात या आक्षेपाचे पडसाद ऐकू येतात.

३

कामगाराचा प्रश्न कालक्रमाने पहिला. इ. स. १८३७ मध्ये इंग्लंडात ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ हा खटला निघाला. एका खाटकाचा नोकर अतिभाराने मोडलेल्या गाडीमुळे जखमी झाला व त्याने मालकावर दावा केला. लॉर्ड ॲबिंजर यांनी तो मान्य केला नाही; काम धोक्याचे वाटले तर नोकराने ते नाकारावे, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. या निर्णयातून पुढे असा सिद्धांत रूढ झाला की, एका कामगाराच्या चुकीमुळे त्याच्या सहकामगारास इजा झाली, तर मालक उत्तरदायी नाही. काचेच्या भट्टीवर हा सिद्धांत किती जाचक ठरला असेल, हे सांगावयास नको. तेथील काम हातोहात चालते आणि एकाच्या हातातील तप्त काचेचा दुसऱ्याला चटका बसणे ही नित्याची घटना असते.

१८८० साली ब्रिटिश पार्लमेंटने ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट’ संमत करून या सिद्धांताला काही अपवाद केले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी अश्युरन्स कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कायद्याने दायित्व निर्माण करावे आणि बाजाराने लगोलग त्याचा विमा काढावा, हा क्रम येथे प्रथम स्पष्ट दिसतो. जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत, १८८४ साली, अपघात-विम्याचा सक्तीचा कायदा झाला. ब्रिटनने १८९७ च्या कायद्याने, प्रथम काही धोक्याच्या उद्योगांपुरते, मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचे तत्त्व स्वीकारले. १९०६ च्या कायद्याने त्यात व्यवसायजन्य रोगांची भर घातली आणि पुढे काच-कामगारांच्या मोतीबिंदूचाही त्यांत समावेश झाला. भट्टीच्या धगीसमोर वर्षानुवर्षे उभे राहिल्याने डोळ्यांवर येणारा हा पडदा ‘अपघात’ या शब्दात बसत नव्हता. तो एका क्षणी घडत नाही. म्हणूनच त्यासाठी कायद्याला निराळी तरतूद करावी लागली.

महाराष्ट्रात आधुनिक काचकारखानदारीचा पाया स्वदेशीच्या चळवळीने घातला. पैशा-पैशाच्या वर्गणीतून जमलेल्या निधीवर १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तर १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, ज्यामुळे त्या वस्तीलाच ओगलेवाडी हे नाव पडले. हे कारखाने सुरू झाले तेव्हा, दोष सिद्ध न करता कामगाराला भरपाई देणारा कोणताही सर्वसाधारण कायदा हिंदुस्थानात नव्हता. १८५५ चा प्राणांतिक अपघातांविषयीचा कायदा होता. पण त्याखाली मृताच्या कुटुंबीयांना समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे. ही उणीव १९२३ च्या ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ने भरून काढली आणि तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मात्र मालकाने या दायित्वाचा विमा उतरलाच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. भरपाईचा हक्क मिळाला, पण ती देणाऱ्याच्या ऐपतीची हमी मिळाली नाही. मोठ्या कारखान्यांपुरती ती हमी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आली. काच निवडणाऱ्या छोट्या वखारी बहुतांशी तिच्या बाहेरच राहिल्या.

४

ग्राहकाच्या प्रश्नाचा इतिहास तर अक्षरशः बाटल्यांचाच इतिहास आहे. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे ऑगस्ट १९२८ मध्ये एका स्त्रीने जिंजर बिअर घेतली. बाटलीची काच अपारदर्शक होती. उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली, असे तिचे म्हणणे होते. कारखानदाराच्या बाटल्या गोगलगायी शिरू शकतील अशा ठिकाणी ठेवल्या जात, असाही तिच्या दाव्यातील आरोप होता. पेय तिच्या मैत्रिणीने विकत घेतलेले असल्यामुळे तिचा कोणाशीच करार नव्हता. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, करार नसतानाही कारखानदाराचे अंतिम ग्राहकाविषयी कर्तव्य असते, असा निर्णय दिला. गोगलगाय खरोखर होती की नाही, याची पुराव्यानिशी तपासणी कधीच झाली नाही; तरी ‘डनाह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या खटल्याने पुढील दायित्व-विधीची दिशा ठरविली.

पुनर्वापराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा खटला म्हणजे कॅलिफोर्नियातील ‘एस्कोला विरुद्ध कोका-कोला बॉटलिंग कंपनी ऑफ फ्रेस्नो’ (१९४४). उपाहारगृहातील एक वाढपी स्त्री बाटल्या शीतपेटीत ठेवत असताना त्यांतील एक हातातच फुटली आणि तिच्या तळव्याच्या शिरा, मज्जातंतू व स्नायू कापले गेले. कंपनी नव्या बाटल्यांप्रमाणेच परत आलेल्या बाटल्याही भरीत असे. नव्या बाटल्यांची काच-कारखान्यात कसून चाचणी होई. परत आलेल्या बाटल्यांची ती चाचणी पुन्हा होत नसे. न्यायालयाच्या बहुमताने ‘घटनाच बोलते’ या, १८६३ सालच्या एका इंग्रजी खटल्यापासून चालत आलेल्या, तत्त्वाचा आधार घेतला. त्याचबरोबर असेही म्हटले की, वापरलेल्या बाटल्यांत असे अदृश्य दोष उद्भवत असतील, तर पुन्हा भरण्यापूर्वी त्यांची चाचणी करणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. आणि चाचणी परवडत नसेल, तर त्या बाटल्या पुन्हा वापरूच नयेत.

पुनर्वापराचा लाभ ज्याला हवा, त्याने पुनर्वापराची जोखीमही उचलली पाहिजे, हे तत्त्व येथे न्यायासनाच्या मुखातून प्रकट झाले. न्यायमूर्ती ट्रेनर निकालाशी सहमत होते, पण त्यांनी स्वतंत्र मत नोंदवून आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या मते कारखानदारावर निरपवाद दायित्वच असले पाहिजे; कारण इजेची जोखीम कारखानदार विमा उतरून सांभाळू शकतो आणि विम्याचा खर्च मालाच्या किमतीतून सर्व ग्राहकांत वाटला जाऊ शकतो, उलट एकट्या जखमी व्यक्तीला ती हानी पेलणारी नसते. येथे विचाराची दिशा उलटलेली दिसते. पूर्वी दायित्व आले म्हणून विमा येई. आता विमा शक्य आहे म्हणून दायित्व असावे, असा युक्तिवाद झाला. निष्काळजीपणाला उत्तेजन मिळेल, हा जुना आक्षेप येथे निष्प्रभ होतो, कारण प्रश्न दोषाचा न राहता खर्चाच्या वाटणीचा होतो. ट्रेनर यांचे हे मत १९६३ साली ‘ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स’ या खटल्यात त्याच न्यायालयाने निर्णय म्हणून स्वीकारले. भारतात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये आले आणि तो कायदा २०२० साली अमलात आला.

५

तिसरा प्रश्न शेजाऱ्याचा व जमिनीचा. यात विमापत्राच्या शब्दांचा इतिहास सर्वांत उद्बोधक आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास विमा कंपन्यांनी व्यावसायिकांसाठी दायित्वाचे एक नमुना-विमापत्र तयार केले आणि त्याला ‘सर्वंकष’ असे विशेषण लावले. त्यात भरपाईचा आधार ‘अपघात’ हा शब्द होता. परंतु हळूहळू झिरपणारे विष अथवा हळूहळू साचणारी धूळ यांना अपघात म्हणावे काय, हा वाद माजला. १९६६ च्या सुधारित विमापत्रात ‘अपघाता’च्या जागी ‘घटना’ हा शब्द आला आणि अनपेक्षित हानी घडविणारा सततचा वा वारंवार होणारा संपर्कही त्या संज्ञेत समाविष्ट झाला. एका शब्दाच्या बदलाने विमा कंपन्यांनी दशकानुदशकांच्या प्रदूषणाची दारे स्वतःसमोर उघडली.

ते ध्यानी येताच १९७० पासून कंपन्यांनी प्रदूषण वगळणारे कलम घातले. १९७३ मध्ये ते नमुना-विमापत्रातच दाखल झाले. मात्र उत्सर्जन ‘आकस्मिक आणि अपघाती’ असेल तर संरक्षण मिळेल, असा अपवाद त्यात होता. १९८० मध्ये विषारी जागांच्या सफाईचा ‘सुपरफंड’ कायदा झाल्यावर या दोन विशेषणांवर शेकडो खटले लढविले गेले. ‘आकस्मिक’ म्हणजे ‘एकाएकी, अल्पावधीत घडणारे’ की केवळ ‘अनपेक्षित’? जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दुसरा अर्थ ग्राह्य धरला, कारण शब्द द्व्यर्थी असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असा विमा-विधीचा नियम आहे. मिशिगनच्या न्यायालयाने १९९१ साली काळाचा अर्थ त्या शब्दात अंगभूतच असल्याचे ठरविले. न्यायाधीश शब्दकोश उघडून बसले आणि एकच इंग्रजी शब्द एका राज्यात विमेदाराला तारता झाला, तर दुसऱ्या राज्यात मारता झाला.

१९८६ साली कंपन्यांनी हा वाद मुळापासून तोडला. तो अपवाद जवळजवळ नाहीसा झाला आणि विमापत्राच्या नावातील ‘सर्वंकष’ हे विशेषणही गळून त्या जागी ‘व्यापारी’ हे निरुपद्रवी विशेषण आले. याच विमापत्रातील ‘प्रदूषका’ची व्याख्या काचेच्या पुनर्वापराला थेट भिडते. प्रदूषक म्हणजे कोणताही क्षोभकारक वा दूषित करणारा पदार्थ, त्यात ‘कचऱ्या’चा समावेश, आणि कचऱ्यात पुनर्वापरासाठी, दुरुस्तीसाठी अथवा परत मिळविण्यासाठी ठेवलेल्या वस्तूंचाही समावेश. अर्थात, ज्या वस्तूवर या व्यावसायिकाचा सारा धंदा चालतो, ती वस्तू त्याच्याच विमापत्रात कचरा ठरते आणि त्या वाटेने प्रदूषकांच्या यादीत जाऊन बसण्याची शक्यता निर्माण होते. स्वच्छ फुटकी काच कोणालाही दूषित करीत नाही, असा प्रतिवाद करता येतो. परंतु तो न्यायालयात करावा लागतो.

कायद्याने मात्र थोड्याच वर्षांत निराळी वाट धरली. १९९९ साली अमेरिकन काँग्रेसने सुपरफंडच्या कायद्यात दुरुस्ती करून, भंगार धातू, कागद, प्लॅस्टिक यांच्याबरोबर भंगार काचेलाही ‘पुनर्वापरयोग्य वस्तू’ असे स्थान दिले आणि ठराविक अटी पाळून ती पुनर्वापरासाठी पाठविणाऱ्यांना सफाईच्या दायित्वातून मुक्त केले. त्या वस्तूला बाजार असला पाहिजे, ही त्या अटींपैकी एक. ही अट पोकळ नव्हती, याचा प्रत्यय दूरचित्रवाणीच्या जुन्या नळ्यांनी आणून दिला. त्या नळ्यांच्या काचेत शिसे असते. जोवर नव्या नळ्या बनत होत्या, तोवर जुनी काच कच्चा माल होती. सपाट पडदे आल्यावर तिला गिऱ्हाईक उरले नाही आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत अशा काचेचे प्रचंड ढीग वखारींत बेवारस पडले. वस्तू तीच राहिली. बाजार गेला आणि मालाचा पुन्हा कचरा झाला. विमापत्रातील प्रदूषणाची वगळणूक नेमकी अशाच वेळी अंगावर येते.

६

भारतात या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन दुर्घटनांतून आले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू पसरला. त्यानंतर एका वर्षाने, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. दुसऱ्या घटनेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये, सरन्यायाधीश भगवती यांच्या मुखातून, धोकादायक उद्योगावर कोणताही अपवाद नसलेले संपूर्ण दायित्व असते, असे घोषित केले. इंग्लंडातील १८६८ च्या ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या निर्णयातील अपवादांच्या पळवाटा येथे बंद झाल्या. पाठोपाठ सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ अस्तित्वात आला. ठरलेल्या प्रमाणाहून अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर विम्याची सक्ती आली आणि मृत्यूस २५,००० रुपये, वैद्यकीय खर्चास १२,५०० रुपयांपर्यंत, तर मालमत्तेच्या हानीस ६,००० रुपयांपर्यंत तातडीचे साहाय्य, दोष सिद्ध न करता, मिळण्याची मूळ अधिनियमात तरतूद झाली.

हा कायदा वायू व रसायने डोळ्यांपुढे ठेवून घडलेला आहे. साधी फुटकी काच त्या अर्थाने घातक पदार्थ नव्हे. त्यामुळे काच-वखारीवर या सक्तीचा भार केवळ काचेमुळे पडत नाही. तिचा मालक दायित्वाचा विमा घेईल तर तो स्वेच्छेने, अथवा माल घेणाऱ्या मोठ्या कारखान्याने करारात अट घातली म्हणून. याला अपवाद एकच : काच वाहून नेणारे वाहन. मोटारवाहनांच्या १९३९ च्या कायद्यापासून ‘थर्ड पार्टी’ विम्याचे तत्त्व आपल्या विधीत रुजले आणि ते आजही टिकून आहे. अशा रीतीने, वखारीतील काच रस्त्यावर आली की तिला वाहून नेणाऱ्या गाडीवर सक्तीच्या विम्याचे छत्र येते आणि वखारीत परतली की ते छत्र नाहीसे होते.

७

आणि वखारीच्याही अलीकडे, साखळीच्या अगदी आरंभी, काच उचलणारा हात आहे. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या नावात ‘कचरा’ हा शब्द नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. मराठीत कचऱ्याला भाव नसतो, भंगाराला असतो. उकिरड्यावरील बाटली निवडून वेगळी काढली की तिचे भंगार होते आणि भट्टीशी पोहोचली की तिचा कच्चा माल होतो. पहिले रूपांतर ज्या श्रमाने घडते, तो श्रम या स्त्रियांचा आहे. आणि काच सर्वांत अधिक कापते ती याच टप्प्यावर.

तथापि दायित्व-विम्याच्या दृष्टीने हा टप्पा रिकामा आहे. १९२३ च्या कायद्याला मालक हवा. येथे मालक नाही, कारण कायद्याच्या नजरेत कचरावेचक स्वयंरोजगारी आहे. एस्कोलाच्या खटल्याला कारखानदार हवा; येथे बाटली टाकून देणारा अज्ञात आहे. १९९१ च्या कायद्याला घातक पदार्थ हवा. काच तसा पदार्थ नाही. जाब विचारण्याजोगे कोणी नाही, म्हणून जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही म्हणून तिचा विमा नाही. या रिक्ततेवर पुण्यात जो उपाय निघाला तो निराळ्या जातीचा आहे. संघटनेच्या प्रयत्नाने महानगरपालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी २००२-०३ च्या सुमारास वैद्यकीय विम्याची योजना सुरू केली. हा दायित्व-विमा नव्हे; तो कोणाची जबाबदारी गृहीत धरीत नाही. परंतु या श्रमाने नगराची बचत होते, म्हणून त्याच्या जोखमीत नगराने वाटा उचलावा, हा त्यामागील विचार ट्रेनर यांच्या विचाराशी नाते सांगतो. २००८ साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने करार केला आणि साखळीच्या या टोकाला निदान एक उत्तर देणारी संस्था आली.

८

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दायित्व-विमा हा दायित्वाची छाया आहे. कायद्याने जेथे उत्तरदायी व्यक्ती नेमली, तेथेच तो पोहोचतो. दुसरा असा की, काचेच्या पुनर्वापरात एकच वस्तू क्रमाने तीन नावे धारण करते आणि विमापत्र त्यांतील कोणते नाव स्वीकारते, यावर भरपाई अवलंबून राहते. ‘अपघात’, ‘घटना’, ‘आकस्मिक’, ‘कचरा’ या शब्दांच्या अर्थावर जे वाद झाले, ते शब्दच्छल नव्हते; त्यांच्या निर्णयावर कोणाच्या हाताचे, कोणाच्या जमिनीचे मोल कोणी द्यावयाचे, हे ठरले. तिसरा निष्कर्ष अधिक मर्यादित, पण अभ्यासकांना कार्यप्रवण करणारा आहे. भारतीय भाषांत विमापत्रे व भरपाईचे कायदे यांची परिभाषा अद्याप घडत आहे. त्या परिभाषेत ‘कचरा’ व ‘भंगार’ यांमधील, बाजारात सर्वांना ठाऊक असलेला भेद टिकविला जातो की पुसला जातो, याकडे भाषाशास्त्र व विधी या दोन्ही विद्याशाखांनी लक्ष पुरविले पाहिजे. तो भेद पुसला गेला, तर काचेची उपयुक्तता टिकेल, पण ती हाताळणाऱ्याचे संरक्षण मात्र शब्दांत हरवेल.